पांढरी बट आणि पट्ट्यांची गुलबक्षी

वहिनी,

तुझ्या तेराव्याला मी कोणाशीही भांडले नाही. खोटं वाटेल तुला, पण खरंच. आचाऱ्यानं भाजीत मीठच टाकलं नाही, तुझ्या चुलतभावानं चारचौघांत बापूला शहाणपण शिकवलं, मांडवाचं कापड एका बाजूनं लोंबत होतं, तरी मी गप्प. बायका आपसांत म्हणाल्या, आक्का खचल्या. खचले-बिचले काही नाही. भांडायला तू समोर नव्हतीस, आणि बाकीच्यांशी भांडण्यात मला कधी राम वाटलाच नाही.

तू गेलीस आणि महिना उलटायच्या आत वंदना बाळंत झाली. तुझी एकुलती एक लेक आई झाली. तू असतीस तर मुलगा की मुलगी हे विचारलंच नसतंस. दारातूनच विचारलं असतंस, "आक्का, हाये का?" सांगते. पण आधी सांगणार नाही. इतकी वर्षं तू मला या एका प्रश्नावर टांगून ठेवलंस, आता थोडी वाट तूही पाहा.

आणि हो, मी शाळेच्या भाषेत लिहिते आहे. पोरींना शुद्धलेखन घालून घालून हात तसाच वळला आहे. तू वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, "आक्का, असं परक्यासारखं काऊन बोलून राह्यल्या?" राग आला की माझी बोली आपोआप जागेवर येते, तुला माहीत आहे.

कपाळाच्या वर, जिथं भांग सुरू होतो तिथं, तुझे केस जन्मापासून पांढरे होते. बोटभर रुंद बट, आणि तिच्या मुळाशी रुपयाएवढी पांढरी कातडी. तुझ्या वडिलांना तशीच होती, त्यांच्या आईलाही होती म्हणत. पवनारात तुमच्या घराला चांदवाल्याचं घर म्हणायचे, कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या बैलाला चांद्या म्हणतात तसं. गावात ते थट्टेवारी जायचं. पण इकडे पिपरीत, आमच्या गल्लीत, लोकांच्या तोंडी एकच शब्द होता, कोड. नव्या बाया तुझ्या हातून पाणी घेताना पेल्याकडे दोनदा बघायच्या. हळदीकुंकवाला तुझ्या कपाळाशी येऊन त्यांचं बोट आखडायचं. तू मुकाट्यानं स्वतःच त्यांच्या हातातली कुयरी घ्यायचीस आणि स्वतःला कुंकू लावून घ्यायचीस.

तुझं लग्न ठरलं त्या बैठकीत मी होते. सुपारी फुटायच्या आधी तुझ्या वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोकं पुढे झुकवलं. "हे पाहून घ्या. माह्या डोक्यावर हाये, पोरीच्या डोक्यावर हाये. मागाहून बोलाचं नाई." आमची माय दगडासारखी बसून राहिली. आणि बापू, माझा धाकटा भाऊ, जो मायसमोर कधी तोंड उघडत नसे, तो म्हणाला, "मले चालते." मला त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा अभिमान वाटला आणि दुसऱ्या दिवसापासून तुझा हेवा. मला बघायला आलेल्यांपैकी कोणी असं "मले चालते" म्हटलं नव्हतं, आणि मला तर पांढरी बटही नव्हती.

वंदना झाली तेव्हा मायनं कंदील वर धरून तिचं डोकं पाहिलं. सगळे केस काळे. "सुटलो," माय म्हणाली. तू बाजेवर पडल्या पडल्या ते ऐकलंस. त्यानंतर तू दुसरं मूल होऊ दिलं नाहीस. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचा बोलबाला सुरू झाला तेव्हा बापूला घेऊन जाऊन आलीस, मायला मागाहून कळलं. घरात केवढा कालवा झाला! काऊन केलं, हे मी तुला कधी विचारलं नाही. भीतीनं केलंस की त्या "सुटलो"च्या रागानं, ते मला आजही माहीत नाही.

मग वंदना नववीत गेली आणि तिच्या पुस्तकात तो वाटाण्याचा धडा निघाला. सत्तरच्या पुढची सालं ती, घरात नुकताच विजेचा दिवा आला होता. ती दिव्याखाली मोठ्यानं वाचत होती, तू पोळ्या लाटत होतीस. उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा यांचा संकर केला तर लेकरं सगळी उंच होतात, पण त्यांच्या लेकरांत बुटका परत निघतो. तुझं लाटणं थांबलं.

"पुन्हा वाच नं ते."

वंदनानं पुन्हा वाचलं.

"म्हंजे मधात तो कुठी गेलता?"

"कुठी नाई वं आई. आतमधीच होता. लपून."

तव्यावरची पोळी तू जळू दिलीस. तू, जिनं कधी पोळीला काळा डाग पडू दिला नाही. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, की ही बाई आता काहीतरी काढणार.

वाटाण्याच्या उंचीनं तुझं भागणार नव्हतं. तुला डाग पाहिजे होता, पट्टा पाहिजे होता. मागच्या भिंतीशी न्हाणीच्या पाण्यावर आपली गुलबक्षी होती, साधी लाल. तू पवनारला जाऊन माहेरच्या अंगणातली दुसरी आणलीस. तिचं फूल पांढरं, त्यावर लाल पट्टे आणि शिंतोडे, कोणतीही दोन फुलं सारखी नाहीत. बसमधून तिचा कंद फडक्यात बांधून मांडीवर घेऊन आलीस. मी म्हटलं, "बाया माहेरून साडी आणतेत, तू हे काय मुळा घेऊन आली?"

"लाल अन् पट्ट्याचं मिळवून पाह्यतो, आक्का. लेकरं कशी होते ते पाहाचं हाये."

कोणाची लेकरं, ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

गुलबक्षी चार वाजता उमलते हे मला माहीत होतं, त्यापुढचं सगळं तुझ्याकडून कळलं, इच्छा नसताना. फूल एकदा उमललं की आपल्याच परागानं फळून मोकळं होतं. म्हणून दुपारी, कळी मिटलेली असतानाच, तू ती सुईनं हळूच उकलायचीस आणि आतले परागाचे तुरे खुडून टाकायचीस. संध्याकाळी लालचा तुरा आणून तिच्या मधल्या लांब केसराच्या टोकाला लावायचीस. मग देठाला लाल धागा बांधायचा, ही खूण, की या फुलाचा बाप लाल. एवढं करून एका फुलात बी किती? एक. काळं, सुरकुतलेलं, मिऱ्याएवढं. उन्हात वाकून वाकून तुझी पाठ भरून यायची, रात्री तेल मी लावायचे, आणि चोळता चोळता तुला शिव्याही द्यायचे.

पहिल्या वर्षीची गंमत आठवते? गंमत आता म्हणते, तेव्हा माझा जीव वरखाली झाला होता. भादव्याची पुनव झाली, भुलाबाई बसल्या. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघर गाणी म्हणत फिरायच्या आणि भुलाबाईसाठी गुलबक्षीच्या लांब देठांची वेणी गुंफायच्या. त्या आपल्या मागच्या अंगणात फुलं मागायला आल्या आणि त्यांनी धागे पाहिले. पोरींनी घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारची गोदाबाई हळदकुंकवाची ताटली घेऊन मागच्या दारानं आली. तिच्या सुनेला मूल होत नव्हतं. तिला वाटलं, तू नवस बोललीस. तिनंही एक लाल धागा बांधला, हात जोडले आणि गेली. तिच्या मागून तिची जाऊ, मग पलीकडची शिंपीण. आठवड्याभरात त्या झाडाला फुलांपेक्षा धागे जास्त.

मी कात्री घेऊन निघाले, तर तू वाटेत उभी.

"कापू नका, आक्का."

"अवं, यातला तुहा कोनता अन् गोदाबाईचा कोनता, कसं कळन तुले?"

"नाई कळनार."

"मंग? झाडाले समजते का नवस?"

"तिले समजते नं," तू म्हणालीस, आणि कात्री माझ्या हातातून काढून घेऊन शिलाईच्या डब्यात ठेवून आलीस.

वर्षाची सगळी मेहनत पाण्यात गेली. कोणत्या बीचा बाप कोण, देव जाणे. त्यात गोदाबाईच्या सुनेला दिवस राहिले! पुढच्या पावसाळ्यात नारळ आला, खण आला. न्हाणीमागच्या झाडाला खण नेसवायचा कसा, या विचारानं तू हसत सुटलीस. पदर तोंडात कोंबलास, भिंतीला टेकलीस, खाली बसलीस, तरी थांबेना. मीही हसले, मग रागावले, मग परत हसले. वहिनी, तुझं ते हसणं मला ऐकायचं आहे ग. आत्ता, या घडीला.

दुसऱ्या वर्षी तू धागा वापरलाच नाहीस. बापूच्या बिडीच्या बंडलाचा कागद फाडून त्याच्या बारीक पट्ट्या देठाला गुंडाळल्यास. "बिडीच्या कागदापाशी कोन नवस बोलते?" म्हणालीस. कोणीच बोललं नाही. बापूच्या बिड्या मात्र खिशात सुट्या फिरायला लागल्या, आणि त्याचा सगळा संशय माझ्यावर.

त्या बियांची रोपं झाली, फुलली. सगळी लाल. आपल्या जुन्या लालपेक्षा जरा फिकी, पण पट्टा एकालाही नाही. मला इतका आनंद झाला की मी शाळेतून येता येता पेढे आणले. म्हटलं, "पाह्य, गेला तुहा पट्टा. आपली वंदी तशीच. झालं, संपलं." तू पेढा खाल्लास आणि त्या फिक्या लाल रोपांना त्यांच्याच परागानं फळू दिलंस. ते बी राखलंस. मी म्हटलं आता कायले? तू म्हणालीस, "त्या वाटाण्यातही मधात दिसत नव्हताच नं." मला तो पेढा तुझ्या तोंडातून परत काढून घ्यावासा वाटला.

मधे काही वर्षं वाया गेली. एकदा डुकरांनी कंद उकरले, एकदा न्हाणी पाडून नवी बांधली तेव्हा गवंड्यानं चुन्याची पाटी नेमकी तिथंच उपडी केली. तू राखलेल्या बियांवर पुन्हा सुरुवात केलीस. तोवर वंदना कॉलेजात गेली, बी.ए. झाली, आणि हिंगणघाटचं स्थळ आलं. मुलगा ओव्हरसियर, घर खाऊनपिऊन सुखी, मागणं काही नाही. तुझी तिसरी पिढी तेव्हा कळ्यांवर होती.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी तू मागच्या दारातून हाक मारलीस.  लाल फुलांच्या रांगेत एक रोप उभं होतं, फूल पांढरं, त्यावर लाल पट्टे.

"लपून होता, आक्का," तू म्हणालीस. "आजीवर गेलं हे."

मी उपटायला वाकले. तू माझं मनगट धरलंस. इतक्या वर्षांत तू मला कधी हात लावून अडवलं नव्हतंस.

"उद्या पाहुणे येऊन राह्यले अन् तू हे दाखवून राह्यली मले?"

"त्याइलेही सांगाव लागन."

"काय सांगशीन? का वंदीच्या पोटी चांद्या निघन? तिच्या डोक्यावर एक केस पांढरा नाई. तुह्या डोक्यावर पदर असतेच. कोनाले काय दिसते?"

"दिसत नाई म्हनूनच सांगाव लागन."

"अवं, मानसं काय गुलबक्षी हायेत का?"

"नसन," तू म्हणालीस. "पन मले दुसरं काय माहीत हाये?"

 मी आत जाऊन भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी मुलाची आई खुर्चीवर बसली होती, ताठ, पदराचा काठ दोन बोटांत धरून. वंदना चहा देऊन गेली. पसंती सगळ्यांच्या तोंडावर दिसत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून देवाला म्हणत होते, हिला फक्त कप उचलून परत येऊ दे. तू कप उचललेस. ट्रे खाली ठेवलास. आणि डोक्यावरचा पदर मागे सारलास.

"माह्या बापाले होती. मले हाये. वंदनाले नाई. पन तिच्या लेकराले येऊ शकते. आता पाहून घ्या, मागाहून नको."

बापूनं मान खाली घातली. मुलगा वंदना गेली त्या दाराकडे बघत राहिला. आणि त्याची आई तुझ्या कपाळाकडे बघत राहिली, इतका वेळ, की पुढे होऊन तुमच्या दोघींच्या मधे उभं राहावं असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "पोरगी पसंत हाये. लेकराचं काय ते लेकरू झाल्यावर पाहू."

लग्न झालं. थाटात झालं. पण ते वाक्य आपल्या घरात येऊन बसलं ते उठेचना. तू म्हणायचीस, बाई सरळ आहे, सांभाळून घेईल. मी म्हणायचे, कसली सांभाळते, लेकरू तसं निघालं तर दोघांना परत आणून सोडेल. तशी एक परत आलेली आपल्या आळीत होती, तिच्या तर नुसता कानामागे डाग होता. वंदना माहेरी आली की मी तिच्या सासूचं प्रत्येक बोलणं खोदून खोदून विचारायचे. पोरगी वैतागायची. तू आतून ओरडायचीस, "आक्का, जेवू द्या तिले!"

त्याच सुमारास पवनारहून आणलेल्या, चुन्यातूनही वाचलेल्या मूळ झाडाच्या एका फांदीनं अचानक पट्टे टाकून दिले. बाकी झाड पट्ट्यांचं, ती एक फांदी साफ लाल. आणि या खेपेला बी वेगळं राखायला मी लावलं. हो, मीच! तू चिडवलंस, "तुमीही लागल्या का आता, आक्का?" पुढच्या वर्षी त्या बियांची रोपं लाल फुलली. माझं नाचायचंच बाकी राहिलं होतं. म्हटलं, "पाह्य! फांदीनं पट्टा टाकला तो टाकलाच. आपली वंदी म्हंजे हे फांदी." तू माझा हात धरून मला रांगेच्या पार टोकाला नेलंस. तिथं कोपऱ्यात एक पट्ट्याचं उभं होतं. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

मग वंदनाला दिवस राहिले आणि तुझं पोटाचं दुखणं निघालं, दोन्ही एकदमच. तू दवाखान्यात पडलेली आणि बोलणं सगळं हिंगणघाटचं. पोरीला काय खावंसं वाटतं, सासू काय म्हणते. एकदा मी तिथल्या डॉक्टरणीला बाजूला घेतलं. तरुण पोरगी होती, पण तिनं नीट ऐकून घेतलं. तुझ्या वडिलांचं विचारलं, वंदनाचं विचारलं. म्हणाली, हे कोड नाही. हे जन्माचं असतं आणि ते लपून बसत नाही. ज्याच्यात दिसतं त्याच्याच लेकरांत उतरतं, तेही प्रत्येकात नाही. वंदनात दिसत नाही म्हणजे तिच्यात नाहीच, मग तिच्या लेकरात कुठून येणार? मी गुलबक्षीचं सांगितलं. ती हसली, पण चांगली हसली. म्हणाली, प्रत्येक गुण एकाच रीतीनं चालत नाही, बाई. तुमच्या फुलातला पट्टा लपणारा आहे, ही बट लपणारी नाही.

मी अक्षरशः पळत तुझ्या खाटेशी आले. सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी हिच्या जिवाचा घोर जाईल. तू ऐकलंस आणि म्हणालीस, "डाक्टरनीनं किती पिढ्या लावून पाह्यल्या?"

मी भडकले. आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया बघत होत्या, बघू दे. "तुले पाह्यजेच हाये का मंग? वंदीच्या संसाराचं वाटोळं झालं तं चालन तुले?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं रागावलीस. मग म्हणालीस, "लेकरू येऊ द्या, आक्का. मंग भांडू."

त्यानंतर आपण भांडलो नाही. भांडायची ताकद तुझ्यात उरली नाही, आणि दुबळ्या माणसाशी भांडायला मी काही इतकी नीच नाही. तुझे पाय दाबत बसायचे. तुझ्या बटेवरून हात फिरवायचे. दुखण्यानं बाकीचे केसही पिकले होते, तरी ती त्यांच्यात वेगळी दिसायची.

मी विचारलं त्याचं उत्तर मात्र तू दिलं नाहीस. "पाह्यजेच हाये का?" रागात बोलून गेले, पण आता तोच प्रश्न मला छळतो आहे. इतकी वर्षं मी धरून चालले, की तू हे सगळं भीतीपोटी करतेस. ते पट्ट्याचं रोप पहिल्यांदा निघालं तेव्हा तुझं तोंड कसं होतं, ते मी आठवून आठवून बघते. मी माझ्याच घाबरण्यात होते, तुझ्याकडे पाहिलंच नाही. "आजीवर गेलं हे" म्हणालीस, तेव्हा तुझ्या आवाजात काय होतं ग? ते धास्तीचं बोलणं होतं की कौतुकाचं? तुला ती बट येईल याची भीती होती, की येईल अशी आशा होती? विचारायला पाहिजे होतं. तू सांगितलं असतंस की नाही, कोण जाणे. पण मी विचारायला पाहिजे होतं.

तू या घरात आलीस तेव्हा मी लग्न न झालेली थोरली नणंद होते. तुझ्या जागी दुसरी असती तर मला कोपऱ्यात बसवलं असतं. तू वंदना माझ्या मांडीवर टाकलीस आणि म्हणालीस, "हे तुमची. मी फक्त पाजतो." आणि खरोखर तसंच वागलीस. तिच्या शाळेच्या दाखल्यापासून लुगड्याच्या रंगापर्यंत सगळ्यात मला विचारलंस, आणि माझ्याशी वाद घातलास. माझ्याशी वाद घालण्याइतकं मला कोणी मोठं मानलंच नव्हतं. हे कधी बोलले नाही तुला. कसं बोलणार, आपलं दुसरंच काहीतरी चाललेलं असायचं.

असो. आता ऐक.

वंदनाची सासू म्हणत होती, आई नाही तर बाळंतपण आमच्याकडेच होऊ द्या. मी म्हटलं, आई नाही, आत्या आहे, आणि घेऊन आले. तर बाई स्वतःच मागोमाग राहायला आली. मदतीला म्हणे. मला ती मदत नव्हे, पहारा वाटला. 

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो होतो, मधे पिशवी ठेवून. नर्स बाळ घेऊन आली. डोक्यावरून फडकं गुंडाळलेलं. विहिणीनं हात पुढे केले. मीही केले. मी आधी घेतलं, हिसकावल्यासारखंच. फडकं मी इतक्या घाईनं मागे सारलं की नर्स म्हणाली, बाई, सांभाळा.

काळे केस. दाट, ओले, काळेभोर. भांगाच्या जागी पाहिलं, कपाळावर पाहिलं, कानामागे पाहिलं, बोटानं केस वेगळे करून करून पाहिलं. एकही पांढरा नाही. मुलगी आहे, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

"नाई नं?" विहिणीनं विचारलं.

"नाई."

तिनं डोळे मिटून हात जोडले. मला तिचा राग यायला पाहिजे होता, पण माझाही जीव भांड्यात पडला होता, खोटं कशाला सांगू. मी तशीच आत गेले. वंदना भिंतीशी खाटेवर पडली होती, घामानं भिजलेली. मी वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "वंदे, नाई हाये. एक केसही नाई. डाक्टरीण खरं बोलली. आता कोनी तुले काही म्हनत नाई, पोरी."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, अजून दुखतंय. मग तिचे खांदे हलताना दिसले.

"मी रोज मागत होती, आत्या," ती म्हणाली. "आईचं थोडं तरी येऊ दे म्हनून."

"येडी का वं तू? परत पाठवलं असतं तुले!"

"पाठवलं असतं तं पाठवलं असतं."

विहीण दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.  ती आत आली, वंदनाच्या पायांवरून चादर ओढली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली, पोरीचं रडणं थांबेपर्यंत. मी बाळ घेऊन खिडकीशी गेले, कारण मला त्या दोघींकडे बघवेना.

तर निकाल असा आहे, वहिनी. विहिणीच्या बाबतीत तू खरी निघालीस. बटेच्या बाबतीत मी. नात गोरी आहे, नाक बापूचं, ओरडणं माझं म्हणतात. तुझं तिच्या डोक्यावर काही नाही. चांदवाल्यांची खूण या घरातून तुझ्याबरोबरच गेली, आणि आता ती कितीही पिढ्या थांबलं तरी परत यायची नाही, डॉक्टरणीनं तसंच सांगितलं आहे, मीच मान डोलावून ऐकलं आहे.

जन्मभर तुझ्याशी भांडले, एकदाही धड जिंकले नाही, आणि जिंकले ते हे. पोरीला मांडीवर घेऊन बसते आणि हात आपोआप तिच्या केसांत जातो. भांगाच्या जागी बघते, परत बघते. काल विहीण हसून म्हणाली, "अवो आक्का, काही नाई तिथी. घडीघडी काय पाह्यता? अजून भेव वाटते का?"

मी हो म्हटलं. तिला काय सांगू? मले हरायचं होतं, वहिनी.